एकाच पंपाचं औषध

मातीचा नमुना घेऊन आलेल्या शिक्षिकाबाई प्रयोगशाळेच्या बाकावर बसल्या होत्या. शेजारी दोन भाऊ अहवाल वाचत होते.

"काय लिहिलंय, दादा?"

"दोन्ही शेतांत तणनाशक बरोबर मापानंच पडलंय. ते पचवणारं जनुक माझ्या वाणात आहे, तुझ्यात नाही."

"माझ्यात?"

"तुझ्या मक्यात रे! म्हणून तो करपला."

"म्हणजे फवारताना वहिनींचा हात चुकला नव्हता."

"तेच तर ती सांगत होती."

"आणि मी चारचौघांत त्यांना नाही नाही ते बोललो."

"तुझं नाव निघालं तरी ती ताटावरून उठते."

"फोन लाव."

"काय सांगू?"

"तू नको. मीच बोलतो."

बाईंचा नंबर पुकारला गेला, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

"वहिनी, मी बोलतोय. ठेवू नका."