पाहुण्यांसाठी राखीव बाक

आदरणीय अध्यक्षा इल्झेबाई, आजचे सत्कारमूर्ती, निवृत्त होणारे राजदूत लुदोविक वान्डेपुट साहेब, त्यांच्या पत्नी आन्नमी वहिनी, आणि व्यासपीठावर विराजमान झालेले सदस्य देशांचे सर्व राजदूत. आपली नावं देशांच्या क्रमानं घ्यावीत की ज्येष्ठतेच्या, यावर दुपारपासून दोन बैठका झाल्या. एकमत झालं नाही, म्हणून मी कोणाचंच घेत नाही. राग मानू नये. समोर बसलेले माझे सहकारी, दुभाषी मंडळी आणि मागे तळलेले क्रोकेट थंड होताहेत म्हणून माझ्याकडे वाकडं बघणारे खानसामे, आपणां सर्वांना माझा नमस्कार.

मला सांगितलंय, "लिव्ह, पाच मिनिटं बोल आणि गोड बोल." साहेबांच्या हाताखाली मी नऊ वर्षं काढली, तेव्हा एवढा हक्क त्यांचा आहेच. माझे यजमान इस्पितळात होते तेव्हा हा राजदूत माणूस डबा घेऊन तीन जिने चढून यायचा. सूप अळणी असायचं, पण यायचे. ते मी विसरलेले नाही. म्हणूनच आज बोलणं जड जातंय.

आत्ता मानपत्र वाचलं गेलं. त्यात साहेबांच्या 'पाळीच्या योजने'चा गौरव आहे. अकरा राजधान्यांनी ती उचलली म्हणे. नव्या मंडळींसाठी सांगते. आम्ही ज्या देशात होतो (त्याचं नाव घेत नाही, त्यांचे पाहुणे तिसऱ्या रांगेत आहेत आणि सोमवारी आपण त्यांच्याशी करारावर सह्या करतोय), तिथे सरकारला नको असलेल्या माणसांवर खटले चालायचे. आपल्या सदस्य देशांच्या संघाचा कोणीतरी माणूस प्रत्येक सुनावणीला हजर राहावा, असं ठरलं. पाच देशांच्या वकिलाती, पाच वार. सोमवार एकाचा, मंगळवार दुसऱ्याचा. कोणावर भार नको, कोणाचा मान जायला नको. तक्ता सांभाळायला संघाच्या कचेरीतली मी. कोर्टाला पत्र लिहून आम्ही पुढचा एक बाक कायमचा राखून घेतला. तिघांची जागा. सुरेख योजना होती, मी तोंडभर कौतुक केलं होतं.

तामिला ही तिथल्या शाळेतली भूगोलाची शिक्षिका. खाणीखालच्या गावातल्या विहिरींचा तिनं नकाशा काढला आणि कुठल्या विहिरीचं पाणी पिऊन किती जण अंथरुणाला खिळले, ते त्यावर लिहिलं. आरोप काय, तर राज्याची गुपितं फोडली. विहिरी गुपित कधीपासून झाल्या, असं तिनं न्यायाधीशांनाच विचारलं होतं. तिचा वकील मला म्हणाला, "बाई, हा न्यायाधीश भित्रा आहे. तुमचा माणूस समोर बसला की तीन वर्षांच्या वर जात नाही. बाकी काही करू नका, फक्त बसा."

फक्त बसा! याहून सोपं परराष्ट्र धोरण कोणी सांगेल का हो?

तिच्या निकालाचा दिवस गुरुवार होता. सोमवारी दुपारी निरोप आला की निकाल उद्याच, सकाळी दहाला. मी पाचही वकिलातींना कळवलं, "तारीख बदलली आहे, पाळी तक्त्याप्रमाणे. कोणाची हरकत असल्यास संध्याकाळी सहापर्यंत सांगावी." आपल्याकडची रीत आपण जाणताच. हरकत आली नाही म्हणजे संमती. या रीतीवर आपला अर्धा संघ चालतो. सहा वाजले, हरकत नाही. मी तिच्या नावापुढे 'व्यवस्था झाली' असं लिहिलं आणि घरी गेले.

मंगळवारी बाकावर कोणी नव्हतं.

मी दोन्हीकडे फोन केले. गुरुवारवाले म्हणाले, "मंगळवार आमचा नव्हेच बाई, आमचा गुरुवार. तुम्हीच तक्ता केलाय ना?" मंगळवारवाले म्हणाले, "अहो, ती केस गुरुवारवाल्यांची! आम्ही कशाला त्यांच्या ताटात हात घालू?" दोघंही सभ्य, दोघंही तक्त्याप्रमाणे बरोबर. उरलेले तिघे तर बोलून चालून तिसरेच. आणि मी? कोर्ट माझ्या कचेरीपासून चालत सात मिनिटांवर. दहा वाजता मी पुढच्या महिन्याचा तक्ता आखत होते, तांबड्या-निळ्या शाईत.

वकिलानं मला नंतर सांगितलं की न्यायाधीश थांबला होता. त्यानं कारकुनाला विचारलं, "पाहुणे यायचेत ना?" दहा मिनिटं वाट पाहिली, चहा संपवला, "येत नाहीत वाटतं," म्हणाला आणि नऊ वर्षं सुनावली.

मग आपण निषेध केला. म्हणजे निषेध नाही, तो शब्द दोन देशांना चालेना. 'तीव्र चिंता' एकाला चालेना. अकरा दिवसांनी 'चिंता' निघाली, आणि तिच्याखाली एक वाक्य, की संघानं या खटल्यावर बारकाईनं लक्ष ठेवलं आहे. मी कागद घेऊन साहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, हे खोटं आहे." साहेब थकले होते. म्हणाले, "खोटं कुठे आहे, लिव्ह? लक्ष होतंच. माणूस नव्हता."

साहेब मान हलवताहेत. आठवतंय त्यांना. इल्झेबाई, घड्याळ मला दिसतंय, आवरतेच.

महिन्याभरानं मी तामिलाच्या आईला भेटायला गेले. सत्तरीची बाई. माझ्यापुढे अक्रोडाचा मुरंबा ठेवला आणि म्हणाली, "मी कोर्टात गेले होते, पण आत जागाच नव्हती. तो पुढचा बाक रिकामा दिसत होता दारातून. शिपायाला म्हटलं, बाबा, कडेला टेकू दे जरा. तो म्हणाला, परदेशी साहेबांचा आहे, कोणी बसायचं नाही. मग मीच म्हटलं, असू दे. ते आले तर माझ्या पोरीचं भलंच आहे. मी व्हरांड्यात उभी राहिले." आणि मग मला विचारलं, "तुमचा माणूस आजारी पडला होता का हो?"

मी म्हटलं, हो.

"काय झालं होतं?"

"ताप."

"आता बरा आहे ना?"

मी म्हटलं, बरा आहे. मंडळी, इतकी वर्षं मी या संघाच्या वतीनं खूप लिहिलं, खूप बोलले. पण त्या म्हातारीशी मी जे खोटं बोलले, त्याची लाज मला रोज वाटते. आपण तिच्या मुलीसाठी एक बाक अडवला, आणि त्या बाकानं आईला बाहेर ठेवलं. निकाल ऐकताना मुलीनं वळून पाहिलं, तेव्हा तिला ओळखीचा एक चेहरा दिसला नाही, तो आपल्यामुळे.

येत्या मंगळवारी तामिलाचं अपील आहे. कोण जाणार, असं मी या आठवड्यात विचारलं. उत्तर आलं, "चर्चा चालू आहे." म्हणून आज सकाळी मी कोर्टाला पत्र पाठवलं, की संघाचा राखीव बाक आम्ही सोडत आहोत, तिथे आरोपीच्या आईला आणि तिच्या दोन बहिणींना बसू द्यावं. सदस्य देशांना विचारलं नाही. सहा वाजेपर्यंत हरकत मागवली नाही. खाली माझी एकटीची सही आहे. पाऊण तासात कारकुनाचा फोन आला, बाक त्यांच्या नावे झाला. ज्या वकिलातींना अजूनही लक्ष ठेवायचं असेल, त्यांनी व्हरांड्यात जरूर जावं. तिथे उभं राहावं लागतं. वय झालेल्या बाईला जमलं, आपल्यालाही जमेल.

समोरची कुजबुज ऐकू येतेय. सोमवारी मला खुलासा विचारला जाईल, मग कदाचित माझाही असाच समारंभ होईल. मानपत्र नको, एवढंच आत्ता सांगून ठेवते.

लुदोविक साहेब, आपल्याला उत्तम आरोग्य लाभो. आन्नमी वहिनी, सुपात मीठ घाला. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. आनंदाच्या दिवशी कोणाचं मन दुखावलं असेल तर मोठ्या मनानं माफ करा. आणि माफ करणं जमलं नाही, तर दोष पाच जणांत वाटू नका. तो माझा आहे, माझ्याकडेच राहू द्या.