शेजारणीची चिठ्ठी

ओसाकात व्हिसाच्या रांगेत माझ्यापुढे आयर्लंडच्या दोन बायका होत्या. ऐकायला नको होतं, पण ऐकलं.

“ब्रेना, तुझा पॉडकास्ट अजून कपाटातच?”

“आवाज घुमू नये म्हणून गाद्यांच्या कपाटात बसून बारा भाग रेकॉर्ड केले, टॅम्सिन. पण लोकांपुढे सोडायला धीरच होत नव्हता. तुझं बरंय बाई, तुला हजारो ऐकतात. जळायचे मी.”

“जळ की. पण सोड तरी.”

“शेजारच्या इगाराशीबाई पूर्वी इंग्रजी शिकवायच्या. काल त्यांची चिठ्ठी आली. वाटलं, आवाजाची तक्रार असेल.”

“मग?”

“‘भिंतीतून नीट ऐकू येत नाही. गाय विकल्यावर तुमच्या आईचं काय झालं?’”

“एवढंच?”

“एवढंच. आज सकाळी सोडला पहिला भाग.”

“मला तीन वर्षांत कुणी असं विचारलं नाही.”

“अगं, तुला हजारो लोक...”

“जवळ आहे का ती चिठ्ठी? दाखव ना.”