अण्णांच्या अंगठ्याचा खळगा

चहा घेता घेता माझीच एक चूक सांगतो. पाथर्डीच्या शांताबाई वारलेल्या वडिलांच्या जीपचं जुनं स्टिअरिंग दुरुस्तीला घेऊन आल्या. मी चिरा बुजवल्या, घासून पॉलिश केलं. बाईंनी त्यावर हात फिरवला आणि एका जागी बोट टेकवलं.

"काका, इथं अण्णांच्या अंगठ्यानं खळगा पडला हुता."

तोही मी बुजवला होता.

"कानस मारून परत पाडून देतो," मी कसाबसा म्हणालो.

"तो तुमचा हुईल, अण्णांचा न्हाई. ऱ्हाऊ द्या, आता माझा पडंल."

एका शब्दानं रागावल्या नाहीत. ते उपकार मी विसरलेलो नाही.

परवा जीप घेऊन मुद्दाम आल्या. माझं बोट स्टिअरिंगवर ठेवून म्हणाल्या, "लागतोय का खळगा?"

काहीच लागत नव्हतं.

"व्हय बाई," मी म्हणालो, "लागतोय की."