पिवळे पडदे

बहीण : बसू नकोस. आधी फोन दे इकडे.

भाऊ : अगं चिमणे, झालंय काय? आणि ही बॅग कशाला भरलीस?

बहीण : त्याचा मेसेज आलाय. 'बाल्कनीतले पिवळे पडदे छान आहेत.' एवढाच.

भाऊ : कोणाचा? जावईबापूंचा?

बहीण : माझा हात मोडला त्याने, दादा. अजून बापूच का तो?

भाऊ : सवयीने आलं गं तोंडात. पण त्याला पडदे कुठे दिसले?

बहीण : तेच विचारतेय. या घराचा पत्ता फक्त तुला ठाऊक. रविवारी आलास आणि आम्हा मायलेकींचा फोटो काढलास.

भाऊ : काढला, पण कोणालाही पाठवला नाही. आईलासुद्धा नाही. तुझी शप्पथ!

बहीण : माझ्या शपथा नकोत. उघड फोन. हा कसला अल्बम?

भाऊ : तो होय... तुमच्या लग्नातला.

बहीण : लग्नातल्या अल्बममध्ये रविवारचा फोटो?

भाऊ : तेव्हा तोच म्हणाला होता, सारखे हिचे फोटो मागत बसायला नको. मग मी ते चालू करून दिलं. फोन सगळे फोटो तपासतो. तुझा चेहरा दिसला की फोटो आपोआप या अल्बममध्ये पडतो आणि त्याच्याकडे जातो. सगळ्यांना केवढं कौतुक वाटलं होतं!

बहीण : आणि बंद कोण करणार होतं?

भाऊ : डोक्यातूनच गेलं. फोनच्या कंपनीने तरी मध्ये एकदा विचारायला नको का?

बहीण : कंपनी मेली घराघरांत डोकावतेच. माझ्या घराचं दार तिला तू उघडून दिलंस.

भाऊ : पुसतो. हे बघ, आत्ता पुसतो.

बहीण : आता पुसून काय उपयोग? फोटोत मागे समोरच्या दवाखान्याची पाटी आलीय, नावासकट. गल्ली शोधायला त्याला कितीसा वेळ लागणार?

भाऊ : येऊ दे ना! मी थांबतो इथे. तंगडं मोडून हातात देतो.

बहीण : हात मोडला तेव्हा 'जरा सांभाळून घे' म्हणाला होतास.

(भाऊ बॅग उचलायला जातो. ती बॅग आपल्याकडे ओढून घेते.)

भाऊ : कुठे जाणार, तेवढं तरी सांग. सख्खा भाऊ आहे मी तुझा.

बहीण : नाही सांगणार. पोरीला मामाची आठवण आली तर मीच बोलवीन. तेव्हा फोन घरी ठेवून ये.

भाऊ : बरं. पुसू हा फोटो? किती छान हसली आहेस गं यात.

बहीण : पूस. त्या दिवशी मला भीती वाटत नव्हती.