लाल गाडीमागची स्कूटर

सीबीएसला बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघे उभे होते.

“मिस्त्री, डॉक्टरांनी त्या लाल स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचा कंप्युटर बदलला म्हणे?”

“कंपनीचा काढला, बाहेरचा बसवला. पुण्याहून एकजण आला, वायरी जोडल्या आणि सीटवर बसून लॅपटॉप बडवत राहिला.”

“आणि तुम्ही?”

“मी बॅटरीला चार्जर लावून दिला. अकरा वर्षं नुसत्या आवाजावरनं ओळखायचो, गांगुर्डे, तिला काय होतंय ते.”

“नारळ तरी तुमच्याच हातनं फोडला ना? गाडीचं काम झालं की डॉक्टर दरवेळी तुम्हालाच देतात.”

“त्याला दिला.”

“असू द्या. बाहेरचा माल, किती दिवस टिकणार?”

“मलाही तेच वाटलं. काल गंगापूर रोडला दिसली, तशी स्कूटर घातली तिच्यामागं. म्हटलं, कुठं तरी अडखळेलच.”

“अडखळली?”

“सिग्नलला शेजारी थांबून कान दिला. एक ठोका चुकत नव्हता.”

“डॉक्टरांनी बघितलं तुम्हाला?”

“काच खाली केली. म्हणाले, मिस्त्री, तुमच्या स्कूटरचा आवाज काही बरा येत नाही.”