पहिला दात कोनी पाहिला

माझं माहेर राजोडीचं, आनि लग्न करून आले ती वालीवच्या बाजूला, भातशेतीवाल्यांच्या घरात, आता त्या शेतात बिल्डिंगी उभ्या आहेत, ते जाऊ द्या, तुमी दातांचं विचारलं म्हनून सांगते. आधी दिनेश झाला, मंग दोन वर्षांनी प्राची, आनि दोन्ही वेळा पोर तीन महिन्यांचं झालं तशी मी त्याला सासूपाशी ठेवून कंपनीत गेले. बाटल्यांची झाकनं खोक्यात भरायची, सकाळी आठला आत, सहाला बाहेर, सगळं उभ्यानं काम. पुढं कंपनी बंद पडली, सासूबी वारली, मंग मी घरातच पाळनाघर सुरू केलं. बिल्डिंगीतल्या बायका, कोन बँकेत, कोन शाळेत, लेकरं माझ्याकडे सोडून जातात, त्याला पंधरा वर्षं झाली असतील.

काय सांगू तुमाला, दात येनार ते मला आधी कळतं. पोर लाळ गाळतं, मूठ चावतं, दुधाला तोंड फिरवतं, आनि एक दिवस नाचनीची पेज भरवताना चमचा टक् करून वाजतो. सहा-सात महिन्याला खालचे मधले दोन, मंग वरचे मधले दोन, मंग त्यांच्या बाजूचे, आनि इथं माझं डोकं चालत नाही, बाजूचे झाले की सुळे यावेत का नाही, तर नाही, मधे जागा सोडून एकदम मागं दाढ येते, वर्ष-सव्वा वर्षाला, आनि सुळे मागाहून त्या जागेत घुसतात, आनि अगदी मागच्या दाढा दोन वर्षं भरत आली की. असं का ते मला कोनी सांगितलं नाही. आनि सगळ्यांचं असंच असतं असंबी नाही, एकाचे वरचे आधी आले, एकीला वाढदिवसापर्यंत एकबी नाही.

दात दिसला तरी मी आईला सांगत नाही. आधी सांगायचे. एकदा बँकेतली बाई संध्याकाळी आली, मी हसत म्हनाले, तुमच्या अन्वीला दात आला, तर ती बाई दारातच खाली बसली आनि रडायला लागली, म्हनाली, ताई, मी रोज सकाळी बघते हो, आजच घाईत बघितलं नाही. तेव्हापासून मी गप. एक-दोन दिवसांनी त्यांचा फोन येतो, ताई, दात आला, मी म्हनते, खरं का, बरं झालं. हे खोटं बोलनं झालं का, मला कळत नाही.

तर आता प्राचीचं. ती विरारला राहते, तिची रिया अकरा महिन्यांची झाली आनि तोंडात एक दात नाही. तिनं फोन केला, मम्मी, डॉक्टर विचारतायत मला पहिला दात कधी आला होता, आईला उशिरा आले असले तर बाळालाबी उशिरा येतात. मी पटकन म्हनाले, तुला अकराव्या महिन्यात, खालचा. फोन ठेवला आनि मंग आठवायला लागले. अकराव्या महिन्यात कोनाला आला होता, प्राचीला, का दिनेशला, का पाळनाघरातल्या कुठल्या पोराला, मला आठवेना. इतक्या लेकरांची तोंडं मी उघडून बघितली, आनि माझ्या पोरीचं तोंड म्हनून जे डोळ्यासमोर येत होतं, ते भलत्याच पोराचं.

चार दिवस मला जेवन गोड लागलं नाही. दिनेशच्या पप्पांना विचारलं, ते म्हनाले, आले ना शेवटी, मंग झालं तर. सासूला विचारायचं तर ती नाही. मला वाटायचं, माझ्या बोलन्यावर डॉक्टर गप बसला आनि पोरीचं काही राहून गेलं तर. शेवटी उठून विरारला गेले. प्राची वाल सोलत बसली होती, मी म्हनाले, बाय, तुला दात कधी आला ते मला ठाऊक नाही, मी कामावर होते. ती म्हनाली, मला वाटलं तुला सगळ्यांचं पाठ आहे. मी म्हनाले, सगळ्यांचं आहे, तुझंच नाही. तिनं वालाची वाटी बाजूला ठेवली, रियाला उचललं, म्हनाली, चल, डॉक्टरलाच सांगू.

डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं आनि म्हनाला, आजी, मी नुसत्या तुमच्या अकराव्या महिन्यावर विसंबलो नाही, बाळ खातंय, वजन बरं आहे, दीड वर्षापर्यंत वाट बघू, नाही आला तर दातांच्या डॉक्टरला दाखवू.

येताना रिक्षात मला एकदम आठवलं. सुट्टीचा दिवस, मांडीवर पोर, बोटाला काहीतरी टोचलं, मी सासूला हाक मारली, आई, दात आला, तर ती चुलीपासून वळलीबी नाही, एवढंच म्हनाली, आला का, बरं झालं. आता मला प्रश्न पडतो, तिला आधीच ठाऊक होतं का. पन ती फटकळ बाई, माझ्यासाठी कशाला गप बसेल. मी प्राचीला सांगितलं, ती म्हनाली, मंग तूच पाहिलास की पहिला. मी म्हनाले, कोन जाने. आनि ते पोर प्राची होती का दिनेश, तेबी आता सांगवत नाही.

रियाला तेराव्या महिन्यात आला, वरचा, आंघोळ घालताना तिच्या बापाला दिसला. आता वर दोन आहेत, खाली एकच, प्राची विचारते दुसरा कधी, मी म्हनते येईल. परवा त्या पोरीनं माझं बोट असं चावलं की वळ उठला. मी म्हनाले चाव बाय, भाकर चाव, चिंबोरीची नांगी चाव, तुझं सगळं वेळच्या वेळी नाही झालं तरी चालेल, बरं होऊ दे.