दहाला झोपलो तेव्हा

मला लवकर झोप म्हणणाऱ्यांनी हे एकदा ऐकाच. आमच्या कोंडाण्यात नेट धड चालतं ते सगळं गाव झोपल्यावर. त्यामुळे माझा गेम पहाटे चारपर्यंत चालतो. मग माइकवर पोरांना ‘चला, झोपतो’ म्हणायचं आणि आडवं व्हायचं. आई रोज कावायची, “अरं, माणसासारखा झोप की कधी!” बाबा मात्र कधी एका शब्दाने बोलले नाहीत.

गेल्या महिन्यात आईचं ऐकलं. जेवलो आणि दहाला झोपलो. सकाळी उठून बघतो तर बाबा ओट्यावर बनियनवर बसलेले. रसायनीच्या कंपनीत त्यांची पहिली पाळी असते, बस पाचलाच नाक्यावरून सुटते.

“बाबा, आज सुट्टी?”

“बस गेली.”

“गजर नाय लावला?”

“गजर कशाला लावू रं? तू ‘चला, झोपतो’ म्हणतोस, तेव्हा मी उठतो. चार वर्सं तसंच चाललंय.”

मी आईकडे बघितलं. ती भाकरी थापण्यात गुंतली.

बाबांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, “परत कधी लवकर झोपायचं असंल, तर आदल्या दिवशी सांग. मी रजा टाकतो.”